पेर वगळून

आमच्या घरात माणसांपेक्षा खोडं जास्त होती. जोगेश्वरीला पूर्वेकडे, टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ, चाळीतली शेवटची खोली आमची, आणि त्या खोलीच्या मागच्या दारापासून नाल्यापर्यंत एक पट्टी, जी कोणाच्याच सात-बारावर नव्हती. ती पट्टी किती मोठी, असं कॉलेजात कोणी विचारलं तर मी बेधडक तीन एकर सांगायचे. खरं म्हणाल तर दोन खाटा टाकल्या असत्या, तिसरी नाल्यात गेली असती. पण त्या दोन खाटांच्या जागेत माझ्या बाबांनी जे काय लावलं होतं ते बघायला म्हणे विमानं खाली यायची. (विमानं खाली यायची कारण विमानतळ जवळ होता. पण मी लहानपणापासून ते आमच्या बागेच्या खात्यात टाकत आले आहे.) एका कोपऱ्यात केळ आणि तिच्या पायाशी मुनव्यांचा, म्हणजे तिच्या पिलांचा, घोळका, भिंतीच्या कडेने आलं, हळद, आंबेहळद, सुरणाची छत्री, नाल्याकडच्या ओलीत अळू, मधल्या वाटेवर पसरत सुटलेल्या दूर्वा, फुटक्या बादलीत पुदिना, पत्र्याच्या डब्यात निवडुंग, कृष्णकमळीचा वेल आईच्या कपड्यांच्या दोरीला मिठी मारून बसलेला, आणि बोगनवेल, जिच्या काट्यांनी आमच्या घरातला एकही परकर शाबूत ठेवला नव्हता.

यातलं एकही झाड हौसेने लावलेलं नव्हतं. बाबा अंधेरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते, आणि ही सगळी मंडळी पोरांना दाखवायची होती. खोडाची रूपांतरं. जमिनीखाली लपणारी खोडं, जमिनीवर सरपटणारी खोडं, आणि हवेत राहून भलतंच सोंग घेणारी खोडं. निवडुंगात पानं काट्यांची सोंगं घेतात आणि खोड पानाचं काम करतं, तर बोगनवेलीत खुद्द फांदीच काटा होते. कृष्णकमळीचा जो स्प्रिंगसारखा धागा, तोही खोडाचाच. बाजारातून आणलेल्या आल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "त्याचे डोळे घासून टाकलेले असतात," असं म्हणायचे. "डोळेच नाहीत तर पोरं ओळखणार कशावरून की हे मूळ नाही, खोड आहे?" सातवी पास माणूस. गिरणी बंद पडल्यावर कोणाच्या तरी ओळखीने कॉलेजात चिकटला आणि बाटल्या धुता धुता अख्खं पुस्तक कानाने पिऊन बसला. नवीन लागलेले प्राध्यापक वर्गात जायच्या आधी हळूच बाबांना विचारायचे, "मामा, सुरण आणि बटाटा यांत फरक काय सांगायचा?" आणि बाबा टेबल पुसता पुसता सांगायचे. ही मात्र थाप नाही. ही मी दाराआडून ऐकलेली आहे.

घरी तर जेवणावर तास चालायचा. परीक्षा आटोपल्या की उरलेली सगळी ताजी सामग्री पिशवीतून घरी यायची, त्यामुळे फेब्रुवारी संपताना आमच्याकडे जी मेजवानी व्हायची तशी मोठ्यामोठ्यांकडे व्हायची नाही. सुरणाचे काप कोकम लावून तव्यावर, अळूचं फदफदं शेंगदाणे घालून, केळीच्या गाभ्याची भाजी, आणि वर आल्याचा चहा. बाबा ताटाकडे बोट दाखवून विचारायचे, "सुलू, यात खोडं किती?" मी मोजायचे. बटाटा खोड, सुरण खोड, आलं खोड. कांद्याला मी हटकून चुकायचे. कांद्याचं खोड म्हणजे बुडाची ती रुपयाएवढी चकती, बाकी सगळी पानंच. केळीचा खांब तर मुळात खोडच नाही, पानांच्या देठांची गुंडाळी; खरं खोड खाली जमिनीत कांद्यासारखं बसलेलं, ते एकदाच आतून वर येतं, घड द्यायला. आई हे सगळं ऐकून शेवटी पळी आपटायची. बाबांनी कॉलेजात राहून मालवणी झटकली होती, आईने झटकायचं काही कारण नव्हतं. "मी काय जल्मभर लाकडांच रांधतंय काय?" ती म्हणायची. बाबा गंभीरपणे म्हणायचे, "हो." आणि आम्ही तिघंही इतकं हसायचो की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडायची.

हसून घ्या. मीही इथे लिहिताना थोडं रेंगाळले आहे, कारण यापुढे हसण्यासारखं फार नाही. मुलुंडच्या चौदाव्या मजल्यावर, जिथे मी आता राहते, खिडकीत एक आल्याची कुंडी आहे. तिच्याकडे बघते आणि वही मिटून ठेवते, असं गेले दोन महिने चाललंय. एकतीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. सगळ्या वर्गांना माहीत होतं की जाधव बाई खोडाचा धडा शिकवताना गोष्टी फार सांगतात आणि त्यातल्या निम्म्या खोट्या असतात. वाचकाला इथे वाटत असेल की आता बाई म्हणणार, बाबा म्हणजे आमच्या घराचं खोड, भार वाहणारं, पाणी वर चढवणारं. नाही म्हणणार. खोडाने आधार द्यायचा असतो हे मी हजारो पोरांकडून पाठ करून घेतलं आहे, आणि प्रत्येक वेळी मला एकच गोष्ट आठवली आहे. ती एकदाही वर्गात सांगितली नाही.

चौदा वर्षं बाबा टेम्पररी होते. दर जूनला नवीन कागद, दर मेमध्ये तो संपायचा, आणि मेचा अख्खा महिना आई देवाशी भांडायची. पण मी बारावीत गेले त्या वर्षी विभागप्रमुख बाईंनी स्वतः त्यांना कायम करायची फाइल वर नेली. प्राचार्यांनी बाबांना बोलावून सांगितलं, परीक्षा पार पडू दे, मार्चअखेर तुझं काम होऊन जाईल. कायम म्हणजे काय, ते आज कोणाला कळणार नाही. कायम म्हणजे आजारी पडायची परवानगी. बाबांनी ती बातमी घरी सांगितली तेव्हा आवाज इतका खाली होता की आईला दोनदा विचारावं लागलं. नंतर ते मागच्या दाराने बागेत गेले आणि अर्धा तास केळीला पाणी घालत राहिले. केळ बुडायची बाकी होती.

मीही त्याच कॉलेजात होते, बाबांच्याच जोरावर. बारावी सायन्स. आमच्या चाळीतली ती पहिली बारावी सायन्स, म्हणून चाळीने मला आधीच डॉक्टर करून टाकलं होतं. खालच्या खोलीतली म्हातारी तर मला पाठीची गाठ दाखवायची आणि मी गंभीर तोंड करून औषधही सांगायचे. तर त्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत माझं आणि बाबांचं टेबल समोरासमोर येणार होतं. मी परीक्षार्थी, ते सामान मांडणारे. नियमाप्रमाणे त्यांनी विभागात सांगायला हवं होतं की माझी मुलगी परीक्षेला आहे, यंदा सामग्री दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. पण फाइल वर गेलेली. अशा वेळी आपण होऊन हात वर करायला त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी स्वतःशी ठरवलं, आपण घरात काही बोलायचं नाही, सुलूने बागेत यायचं नाही, झालं. आठवडाभर मागच्या दाराला आतून कडी.

परीक्षेत दर वर्षी एक प्रश्न असायचा: खोडाचा आडवा छेद घ्या, रंग द्या, ओळखा. छेद म्हणजे चकती. खोडाचा तुकडा बोटांत धरायचा आणि वस्तऱ्याने इतकी पातळ चकती काढायची की तिच्यातून अक्षर वाचता यावं. ती सॅफ्रानिनच्या लाल थेंबात बुडवायची आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायची. मक्याचं खोड असेल तर चकतीत ठिकठिकाणी नळ्यांचे पुंजके विखुरलेले दिसतात, आणि प्रत्येक पुंजका म्हणजे हुबेहूब माकडाचं तोंड: दोन मोठे डोळे, खाली वासलेला जबडा. शेकडो माकडं, सगळी आपल्याकडे बघताहेत. एवढ्यासाठी बाबा परीक्षेच्या दोन दिवस आधी मक्याची ताटं कापून त्यांचे बोटाएवढे तुकडे करायचे आणि स्पिरिटच्या बाटलीत भरून ठेवायचे; त्याने खोड कडक होतं, वस्तरा सुरेख चालतो. (बाटलीचं बूच उघडलं की चाळीतले तीन काका आमच्या दारात घोटाळायला लागायचे. एकाने तर मक्याच्या तुकड्यासकट एक घोट घेतला होता, असं मी सांगत असते.) तुकडे मात्र कांड्यातूनच, म्हणजे दोन गाठींमधल्या सरळ भागातूनच घ्यायचे. पेर, म्हणजे ताटाला जिथे गाठ असते ती जागा, पूर्ण वगळायची. गाठीत सगळ्या नळ्या वळतात, एकमेकींना छेदतात, पानांकडे फुटतात. तिथली चकती घेतली तर माकडं दिसत नाहीत, नुसता गुंता दिसतो. आणि गाठ इतकी टणक की वस्तरा घसरतो.

त्या वर्षी बरोबर ताटं कापायच्या दिवशी बाबांना मलेरियाने आडवं केलं. तीन गोधड्या, वर सतरंजी, तरी खाट थडथडत होती. दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. डोळे लाल.

"सुलू, मागे बारा ताटं आहेत मक्याची. तू ती बघितली नाहीस."

"नाही बघितली."

"आईला कापायला सांगितलंय. शंभर तुकडे. तिला जाऊन सांग, कांड्यातून कापायचं, पेर वगळून. एवढंच सांग आणि अभ्यासाला बस. सांगशील ना?"

"सांगते की."

मागच्या दारी आई पाटावर विळी घेऊन बसली होती. बाराच्या बारा ताटं कापून संपली होती. आईचा हात म्हणजे यंत्र. भात लावणीत ती एकटी अख्ख्या वाडीच्या पुढे असायची, असं तिच्या माहेरचं कोणीही सांगेल आणि मी तर सांगेनच. तिच्या डाव्या हाताला सूप होतं, उजव्या हाताला टोपली. सुपात एकसारखे, एका मापाचे, दागिन्यांसारखे मांडलेले तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या बरोबर मध्ये गाठ, दोन्ही टोकांना नखाएवढं कांडं. आणि टोपलीत, टाकाऊ म्हणून, मधली सगळी सरळ, गुळगुळीत, बिनगाठीची कांडी.

"आई, पेर कशाला ठेवलंस?"

"मग काय टाकू?" ती माझ्याकडे बघून हसली. "अगो, जीव पेरात आसता. नुसत्या कांड्याक काय कोंब फुटतलो? बाटलीत ठेवूचा तर टिकूक नको?"

तिने आयुष्यभर असंच कापलं होतं. ऊस लावायचा, पेरासकट. मोगरा लावायचा, पेरासकट. ज्या तुकड्यात पेर नाही तो मेलेला, हे तिला अक्षर ओळखायच्या आधी ठाऊक होतं. आणि नवऱ्याने हे काम आपल्यावर सोपवलंय याचा तिला केवढा गर्व! केस बांधून बसली होती, जणू कॉलेजातच बसलीये.

मला फक्त एवढंच करायचं होतं. सूप रिकामं करायचं, टोपलीतली कांडी उचलायची, बाटलीत भरायची. दहा मिनिटांचं काम. पण तिच्या त्या मांडलेल्या सुपाकडे बघून मला वाटलं, हे सांगायचं कसं. आणि दुसरं, जे लिहायला इतकी वर्षं लागली: सवातीनला नाक्यावर माझी मैत्रीण थांबणार होती, सिनेमाची दोन तिकिटं काढून, परीक्षेच्या दोन दिवस आधी, आईबापाला न सांगता. घड्याळात तीन वाजून गेले होते. मनात म्हटलं, टोकाला नखाएवढं कांडं आहे ना, होईल. तेवढ्यात तबेल्याचा माणूस आला आणि आईने टोपली उचलून त्याच्या म्हशींसाठी दिली. मी ती टोपली जाताना बघितली. तोंड उघडलं नाही. आईने सुपातले तुकडे बाटलीत भरले, वर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला, सुतळी बांधली.

आत गेले तर बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "सांगितलंस?"

"हो."

"कांड्यातून?"

"हो तर. सगळं कांड्यातून. मी स्वतः बघितलं."

आयुष्यात मी हत्तीएवढ्या थापा मारल्या. आमच्या जोगेश्वरीच्या गुंफेतून भुयार थेट वांद्र्याला निघतं असं सांगून एका वर्गाला रडवलं आहे. त्यांतल्या एकीनेही कोणाचं नखही दुखलं नाही. ही एवढीशी होती, कोणालाही थाप वाटणार नाही अशी. बाबांनी सुस्कारा सोडला आणि सकाळपासून पहिल्यांदा झोपले. मी सिनेमाला गेले. कोणता होता, ते आठवत नाही.

परीक्षेच्या दिवशी ताप उतरला नव्हता तरी बाबा गेले. बाटली कागदासकट छातीशी धरून. आमची पहिली बॅच, पंचवीस जणं. बाहेरचे परीक्षक उंच, पांढऱ्या शर्टाचे, बोलणं मोजकं. बाबांनी सगळ्यांसमोर सुतळी सोडली, कागद काढला, चिमट्याने पहिला तुकडा काचेच्या वाटीत टाकला. दुसरा टाकला. तिसऱ्याला त्यांचा हात हवेत थांबला. मी समोरच होते, तीन हातांवर. ते बाटलीत बघत राहिले. मग एकेक करून पंचवीस वाट्यांत पंचवीस तुकडे टाकले, चिमटा पुसला, आणि भिंतीला लागून उभे राहिले. दुसरं करणार काय? ताटं संपली होती. उरलेली म्हशींच्या पोटात होती.

एक पातळ चकती मिळायला पन्नास जाड चकत्या वाया जातात. नखाएवढं कांडं पाच मिनिटांत संपलं आणि सगळी बॅच गाठीवर येऊन आपटली. वस्तरे करकरायला लागले. माझ्या शेजारी फ्रान्सिस होता, वांद्र्याचा, वर्गात सगळ्यात हुशार. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता, "हे काय आहे यार, लाकूड आहे का? सुलू, तुझं येतंय?" मी मान हलवली, नाही. आणि माझं येत होतं. मला ठाऊक होतं ना! मी एका टोकाच्या नखाएवढ्या कांड्यातून श्वास रोखून आठ चकत्या घेतल्या, गाठ लागायच्या आत थांबले, तुकडा उलटा केला, आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. चौदाव्या चकतीला माकडं दिसली. स्पष्ट, शेकडो, सगळी माझ्याकडे बघत. फ्रान्सिसला एक शब्द सांगितला असता तर पुरे होतं, तुकडा उलटा कर. नाही सांगितला. पुढच्याच मिनिटाला त्याचा वस्तरा गाठीवरून घसरून अंगठ्यात गेला.

"आई गं! वाट लागली, वाट लागली!"

वाटीतला रंग आणि रक्त एकाच रंगाचं. दोन मुली रडायला लागल्या. परीक्षक आले, त्याच्या वाटीतला तुकडा उचलून त्यांनी उजेडाकडे धरला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा, असे सगळे.

"मामा, इकडे या. हे काय आहे?"

"मका, सर."

"मका मलाही दिसतोय. हे पेर आहे. प्रत्येक तुकड्यात पेर. पंचवीसच्या पंचवीस. हे चुकून होत नाही, हे कोणीतरी मेहनत घेऊन केलंय. कापलं कोणी?"

विभागप्रमुख बाई धावत आल्या होत्या. माझ्या हातात वस्तरा, समोर मायक्रोस्कोप, आणि त्याखाली अख्ख्या खोलीतली एकुलती एक बरोबर चकती. बाबांनी म्हटलं असतं, घरी कापलं, बायकोने कापलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: घरात आणखी कोण? आणि ते उत्तर माझा परीक्षा क्रमांक लावून तिथे उभं होतं. मी बारावीतून बाद झाले असते, कदाचित कायमची.

"मी कापलं, सर," बाबा म्हणाले. "ताप होता. लक्ष नव्हतं."

"चौदा वर्षं तू हे करतोस, शंकर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता; तो रागावलेला असता तर बरं झालं असतं. "पेर वगळायचं तूच आमच्या नव्या लोकांना शिकवतोस."

"हो, बाई. चुकलं."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. सबंध वेळात एकदाही नाही. मी बघत होते की ते बघताहेत का, म्हणून मला पक्कं माहीत आहे.

परीक्षा दुसऱ्या सामग्रीवर पुन्हा झाली, पालकांची पत्रं आली, फ्रान्सिसच्या अंगठ्याला तीन टाके पडले. माझी चकती मात्र परीक्षकांनी आधीच बघितली होती आणि पैकीच्या पैकी गुण देऊन ठेवले होते. फाइल मार्चअखेर परत आली. मेमध्ये कागद संपला आणि जूनमध्ये नवीन कागद आला नाही.

त्या परीक्षेच्या संध्याकाळी आई दारातच उभी होती. बाबांच्या कपाळाला हात लावला, आणि मग जे विचारायला दिवसभर थांबली होती ते विचारलं.

"सायबान काय म्हटल्यान? तुकडे बघून?"

मी चप्पल काढत होते, काढतच राहिले. माझे बाबा, ज्यांनी कधी आल्याच्या एका डोळ्याचे दोन करून सांगितले नाहीत, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "म्हणाले, इतके एकसारखे तुकडे कधी बघितले नव्हते. कोणीतरी मेहनत घेऊन कापलेत, म्हणाले."

आईच्या तोंडावर जे पसरलं ते मी कशाशीही तोलणार नाही. नोकरी गेली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की नवा कायदा आलाय, सगळेच टेम्पररी बंद. आई तेव्हापासून सरकारवर जी चिडली ती चिडलीच. आज नव्वदीला आलीये, घरातल्या कामवालीला पूर्वी कॉलेजच्या साहेबाने आपलं कसं कौतुक केलं ते सांगते, आणि साक्षीला माझ्याकडे वळते. मी साक्ष देते. कधीकधी वर आणखी दोन वाक्यं घालते, साहेबांनी टाळी वाजवली वगैरे.

बाग त्या पावसाळ्यातच गेली. बाबा मागचं दार उघडेनात. केळीने घड दिला आणि ती मेली, मुनवे कोणी वेगळे केले नाहीत म्हणून एकमेकांत घुसमटून खुरटले. दूर्वांनी आणि पुदिन्याने सगळी पट्टी गिळली. सुरण खाली किती मोठा झाला होता कोण जाणे, कारण पुढच्या वर्षी त्यावर चाळकऱ्यांनी संडासाची टाकी बांधली. आमच्या जेवणात खोडं मोजायचं कोणी उरलं नाही. आई बटाट्याची भाजी करायची, आम्ही खायचो, आणि ती नुसती बटाट्याची भाजी असायची.

बाबांना मग कांजूरमार्गला वॉचमनचं काम लागलं, एका गोदामाच्या फाटकावर. वारा फिरला की तिथे कचऱ्याचा असा वास यायचा की माश्यासुद्धा नाक दाबून उडायच्या. मी बीएस्सी झाले, बीएड झाले, शाळेत लागले. आणि नोकरीवर कायम झाल्याचा कागद मिळाला त्या दिवशी, भर दुपारी, त्या फाटकावर गेले. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. निळा गणवेश त्यांना खांद्यात मोठा होत होता. कागद त्यांनी दोनदा वाचला, घडी घालून परत दिला, मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. कायम हा शब्द त्या कागदावर होता आणि मला तो सहन होईना.

"बाबा, मला एक सांगायचंय. त्या वेळी, मक्याचं..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू आईला सांगितलं नाहीस ते."

"कधीपासून?"

"तिसऱ्या तुकड्यापासून. तो हात आईचा होता. तू कापले असतेस तर उंदराने कुरतडल्यासारखे दिसले असते." ते हसले. खरंच हसले, पूर्वी जेवताना हसायचे तसे. "तिला निरोप मिळाला असता तर तिने पेर ठेवलं नसतं. तिला तेवढं कळतं."

"मग मला कधी विचारलं का नाहीत? इतक्या वर्षांत? एकदा तरी ओरडायचं होतं, मारायचं होतं."

एक ट्रक येऊन हॉर्न मारत उभा राहिला. बाबांनी जाऊन फाटकाचा दांडा उचलला, ट्रक आत घेतला, दांडा खाली सोडला, आणि धुळीतून परत आले.

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं तयार असायची. या वेळी एकच निघालं.

"खोटं सांगितलं असतं."

"हां," बाबा म्हणाले. "मला ते दोनदा ऐकायचं नव्हतं."

मग ते म्हणाले, जा आता, ऊन वाढतंय, आई वाट बघत असेल, पेढे घेऊन जा तिच्यासाठी. मी उठले, त्यांनी खुर्ची सावलीत ओढली आणि बसले. फाटकापासून स्टेशनपर्यंत पंचवीस मिनिटं चालत आले. वाटेत सांगण्यासारखं काहीही घडलं नाही.